ताप जाऊन परत येतो आणि इकोत हृदयात गाठ दिसली, तर काय करायचं

हृदयात गाठ हा प्रकारच मुळात कमी, त्यातून त्या गाठीत जंतू जाऊन बसणं तर फारच क्वचित. तरी एवढं लांबलचक लिहितोय कारण हा आजार वेळेत ओळखला तर माणूस ऑपरेशन होऊन चार-सहा महिन्यात परत शेतात उभा राहतो, आणि नाही ओळखला तर एक दिवस अचानक अर्धं अंग लुळं पडतं. आणि ओळखायला लागतं काय तर ब्लड कल्चर (रक्तातले जंतू लॅबमधे वाढवून ओळखायची तपासणी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), दोन्ही आता जिल्ह्याच्या गावी होतात, त्यासाठी लगेच मुंबई गाठायची गरज नाही. आपल्याकडे खान्देशात अडतं ते मशीनवर नाही, अडतं क्रमावर. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम चुकतो. तो क्रमच इथं सांगतोय, पेशंटच्या घरच्यांसाठी आणि गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टर मित्रांसाठी पण.

आधी गाठ म्हणजे कसली ते. मोठ्या माणसांच्या हृदयातच सुरू होणाऱ्या गाठींत जी सगळ्यात जास्त सापडते तिचं नाव मिक्सोमा. ही कॅन्सरची गाठ नाही, हे घरच्यांना आधी सांगावं लागतं कारण गाठ शब्द ऐकला की अर्ध्या घराचं रडणं सुरू होतं. साधारण तीस ते साठ वयात, बायकांमधे जरा जास्त. शंभरातल्या पंचाहत्तर-ऐंशी मिक्सोमा डाव्या वरच्या कप्प्यात असतात, दोन वरच्या कप्प्यांच्या मधला जो पडदा त्याला देठाने चिकटलेल्या, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती गाठ खाली झडपेत येते आणि परत वर जाते. जास्त पिकलेल्या केळीचा गर कसा बोट लागलं की तुटतो तशी ती लिबलिबीत असते, म्हणून तुकडे सुटतात, आणि डाव्या बाजूचा तुकडा सुटला की तो मेंदूत, पायात, किडनीत, प्लीहेत, डोळ्यात कुठंही जाऊन रक्तनळी बंद करतो. त्यात जंतू शिरले की गाठ अजून ठिसूळ होते, आणि सुटलेला तुकडा जाईल तिथं जंतू पण घेऊन जातो. म्हणजे नुसता मिक्सोमा असेल तर लवकर काढा म्हणतात, आणि जंतू असलेला मिक्सोमा असेल तर आत्ता काढा म्हणतात.

जंतू येतात कुठून? बऱ्याचदा तोंडातून. तंबाखू, गुटखा, बायकांची मिश्री, किडलेल्या दाढा, रोज दात घासताना रक्त येतंय पण कोणी दाखवत नाही, तिथून व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू थोडे थोडे रक्तात जात असतात. एरवी शरीर त्यांना संपवतं, पण आत खडबडीत पृष्ठभागाची गाठ लटकत असेल तर बसायला जागा मिळते. दुसरा मोठा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तो कातडीवरून, फोडातून, शुगरवाल्याच्या पायाच्या जखमेतून, कधी हाताला लावून विसरलेल्या सलाईनच्या सुईतून सुद्धा.

आता संशय कधी घ्यायचा. आपल्याकडे ताप म्हटलं की क्रम ठरलेला आहे, दोन दिवस गोळी, मग विडाल म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी, विडाल "थोडा पॉझिटिव्ह" येतोच कारण आपल्या भागात तो कोणाचाही येऊ शकतो, मग टायफॉइड निघाला म्हणून पाच-सात दिवस सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक सलाईनमधून. ताप जातो, सगळे खूश. आठ-दहा दिवसांनी परत थंडी वाजून ताप, परत इंजेक्शन, परत उतरतो. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, सेफ्ट्रायॅक्सोन हे हृदयातल्या जंतूंवर पण चालणारं औषध आहे, फक्त त्याला आठवडे द्यावं लागतं, दिवस नाही. म्हणून पाच दिवसात ताप दबतो, जंतू गाठीच्या आत शिल्लक राहतो आणि डोस थांबला की परत डोकं वर काढतो. वर ह्या अर्धवट डोसमुळे नंतर कल्चर केलं तरी त्यात काही उगवत नाही. ताप इंजेक्शनने जाऊन पुन्हा आला, तर तो टायफॉइड "उलटला" असं धरून चालू नका. तसंच ताप आणि वजन घटतंय म्हणून थुंकी, गाठ, पाणी काही न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू करणं, हे पण थांबलं पाहिजे.

तापाच्या जोडीला अजून काय काय विचारायचं? धाप. पण आपल्याकडे लोक धाप लागते असं सरळ म्हणत नाहीत, म्हातारी म्हणेल "जीव घाबरस", "चक्कर येस", आणि ते गॅस नाहीतर अशक्तपणाच्या खात्यात जातं. तेव्हा खोदून विचारायचं, कधी घाबरतो, झोपल्यावर का बसल्यावर, कुठल्या कुशीवर. एका ठराविक कुशीवर झोपलं की जीव कासावीस होतो आणि उठून बसलं किंवा कूस बदलली की मोकळं वाटतं, हे ऐकलं की मिक्सोमा डोक्यात आलाच पाहिजे, कारण गाठ त्या स्थितीत झडपेवर येऊन बसते. उभं राहताना, वाकून उठताना एकदम डोळ्यापुढं अंधारी येऊन पडणं, हे पण तसंच.

डॉक्टर मित्रांनो, स्टेथोस्कोप पेशंटला एकाच स्थितीत ठेवून लावू नका. झोपवून, बसवून, डाव्या कुशीवर वळवून ऐका. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप आकसलेले पेशंट भरपूर, त्यामुळे मर्मर म्हणजे ठोक्यांमधला घरघर आवाज ऐकू आला की मायट्रल स्टेनोसिस (डावी झडप आकसणं) लिहून मोकळं व्हायची सवय असते, आणि मिक्सोमाची मर्मर हुबेहूब तशीच असते. फरक हा की ती कूस बदलल्यावर बदलते, कधी ऐकू येते कधी नाही, आणि कधीकधी गाठ खाली आपटल्याचा एक जाड आवाज येतो, त्याला ट्यूमर प्लॉप म्हणतात. तो सगळ्यांना ऐकू येईलच असं नाही, त्यावर अवलंबून राहू नका.

मग हात बघा. हे मी फार आग्रहाने सांगतो कारण याला पैसा लागत नाही. पेशंटचे हात साबणाने स्वच्छ धुवून घ्या, कापूस वेचणाऱ्या किंवा केळीच्या बागेत काम करणाऱ्या बाईची नखं तशी बघून काही कळत नाही, केळीचा चीक तर काळा डागच पाडतो. धुतल्यावर उजेडात धरून बघा, नखाखाली बारीक तांबड्या-काळ्या उभ्या रेघा आहेत का. नखाच्या टोकाजवळच्या रेघा कामात लागून पण होतात, मुळाकडच्या अर्ध्या भागात असतील तर जास्त महत्त्वाच्या. बोटांच्या पेरांवर दुखऱ्या गाठी, तळहातावर-तळपायावर न दुखणारे तांबडे ठिपके, खालची पापणी ओढून आत रक्ताचे ठिपके, हे सगळं म्हणजे बारीक तुकडे किंवा जंतू रक्तातून फिरतायत याची खूण. लघवीत रक्तपेशी, डाव्या बरगडीखाली दुखणं, एखाद्या पायाची नाडी न लागणं आणि पाय गार पडणं, हे पण विचारा आणि बघा.

इथं एक गुंता आहे तो सोडवून टाकू. मिक्सोमाला जंतू नसले तरी ताप येऊ शकतो. गाठ स्वतःच इंटरल्यूकिन-६ नावाचं रसायन सोडते त्याने बारीक ताप, वजन घटणं, सांधे दुखणं, रक्त कमी होणं, ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या वाढणं हे सगळं होतं. म्हणून गाठ अधिक ताप म्हणजे जंतू झालेच असं नाही. थंडी वाजून हुडहुडी भरणारा मोठा ताप, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या, आणि अंगावर वर सांगितलेल्या खुणा, हे जंतूंच्या बाजूने बोलतं. पण खरा निकाल ब्लड कल्चर देतं.

ब्लड कल्चर नीट कसं घ्यायचं, इथं जरा थांबून वाचा

नियम पहिला, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. सीबीसी करतो तसं दोन मिलीत हे होत नाही. मोठ्या माणसात एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त, एका सेटमधे दोन बाटल्या, एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी आणि एक बिनहवेच्या, आणि असे तीन सेट, तीन वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून. एकाच ठिकाणाहून काढून तीन बाटल्यांत वाटलं तर तो एकच सेट धरतात. लावलेल्या सलाईनच्या नळीतून रक्त काढायचं नाही. कातडी क्लोरहेक्सिडीन स्पिरिटने पुसून ती पूर्ण वाळू द्यायची, पुसल्या पुसल्या टोचलं तर पुसून उपयोग नाही, आणि वाळल्यावर परत बोटाने शीर चाचपायची नाही. बाटलीचं झाकण उघडल्यावर वरचं रबर पण स्पिरिटने पुसायचं. बाटलीवर वेळ आणि कुठल्या हातातून काढलं ते लिहायचं. ह्या बाटल्या फ्रीजमधे ठेवायच्या नाहीत, लॅब लांब असेल तर साध्या तापमानाला ठेवून लवकरात लवकर पोचवायच्या, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको.

तीन सेट कशाला म्हणून घरचे विचारतात, खर्च वाढतो ना. कारण असं आहे की कातडीवरचा जंतू चुकून एका बाटलीत जाऊ शकतो, पण तोच जंतू तीन ठिकाणच्या बाटल्यांत उगवला तर तो रक्तातलाच. आणि त्या जंतूच्या नावावर पुढचे चार-सहा आठवड्यांचं औषध ठरणार आहे, त्यामानाने हा खर्च काहीच नाही. रिपोर्ट बहुतेक दोन-तीन दिवसात येतो, लॅब पाच दिवस बाटली ठेवते.

आधीच इंजेक्शनं झाली असतील तर? तब्येत स्थिर असेल तर मोठे डॉक्टर कधी औषध थांबवून वाट बघून कल्चर घेतात, पण हा निर्णय घरी घ्यायचा नाही. तुम्ही एवढं करा की गेल्या महिना-दीड महिन्यात कुठलं इंजेक्शन, किती दिवस, कुठल्या तारखेला हे कागदावर लिहून न्या. रिकाम्या व्हायलवरचं नाव मोबाईलमधे फोटो काढून ठेवलं तरी चालतं. "लाल झाकणाचं इंजेक्शन होतं" यावरून काही ठरत नाही.

कल्चर काढलं की थांबायचं नाही, पेशंट आजारी असेल तर लगेच औषध सुरू. कल्चर म्हणजे औषधाला उशीर असं काही नाही, तीन सेट काढायला फार तर तासभर जातो.

इको

टूडी इको छातीवरून करतात, त्यात मिक्सोमा बहुतेक वेळा दिसतोच. पण जंतू आहेत का नाही हे इको सांगू शकत नाही, इको फक्त गाठ, तिचा आकार, देठ, हालचाल सांगतो. रिपोर्टमधे काय असलं पाहिजे ते विचारून घ्या, गाठ किती मिलीमीटर, कुठं चिकटलीय, देठ आहे का रुंद बुड, पृष्ठभाग गुळगुळीत का झुबकेदार, झडपेत उतरते का, झडप गळते का, फुफ्फुसाचं प्रेशर किती, आणि दुसऱ्या कुठल्या झडपेवर काही चिकटलंय का. झुबकेदार आणि जास्त हलणारी गाठ तुटायला सोपी.

नंतर घशातून नळी घालून करायचा इको, टीईई. त्याला सहा तास उपाशी लागतं, घसा बधिर करतात, थोडं घुसमटल्यासारखं होतं पण होतो. त्याने देठ नेमका कुठं आहे आणि झडपेला जंतूंनी भोक पाडलंय का ते स्वच्छ दिसतं. डाव्या कप्प्यात दिसणारी प्रत्येक गोष्ट मिक्सोमा नसते, झडप आकसलेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या पेशंटमधे रक्ताची गुठळी असते, ती सहसा मागच्या भिंतीला किंवा कोपऱ्यातल्या पिशवीत, देठ नसतो. जंतूंची व्हेजिटेशन, म्हणजे जंतू आणि गुठळी मिळून झालेला गोळा, बहुतेक झडपेवर बसते आणि झडप खाते. उजव्या कप्प्यात रुंद बुडाची, भिंतीत घुसलेली, बाहेरच्या आवरणात पाणी झालेली गाठ असेल तर मात्र कॅन्सरचा विचार करावा लागतो, तिथं कार्डियाक एमआरआय किंवा सीटीची मदत होते. गुठळी समजून नुसत्या रक्त पातळ करायच्या गोळ्या देत महिने काढणं हे होतं आपल्याकडे, आणि जंतू असलेल्या गाठीत त्या गोळ्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तर त्या स्वतःच्या मनाने किंवा मेडिकलवाल्याला विचारून सुरू करू नका.

निदान किती पक्कं हे ठरवायची एक पद्धत १९९८ साली रेवणकर आणि क्लार्क या डॉक्टरांनी जुन्या केसेस एकत्र करून मांडली, ती अजून वापरतात. इकोत मिक्सोमासारखी गाठ आणि ब्लड कल्चर पॉझिटिव्ह, तर शक्यता आहे. ऑपरेशनमधे काढलेली गाठ तपासून मिक्सोमाच निघाला आणि जोडीला कल्चर पॉझिटिव्ह किंवा गाठीत सूज यातलं एक असेल, तर बहुतेक. मिक्सोमा सिद्ध झाला आणि त्याच्या आत जंतू दिसले, किंवा कल्चर पॉझिटिव्ह आणि गाठीत सूज दोन्ही मिळाले, तर पक्कं. पण उपचार पहिल्या पायरीवरच सुरू करायचे असतात, पक्क्याची वाट बघत बसायचं नाही, कारण पक्कं ऑपरेशन झाल्याशिवाय कळतच नाही.

गाठ दिसल्यापासून ऑपरेशनपर्यंत

हे दिवस सगळ्यात धोक्याचे. जिथं हृदयाचं ऑपरेशन होतं अशा ठिकाणी, म्हणजे नाशिक, संभाजीनगर, मुंबई, नंदुरबारकडच्यांना सुरत, तिथं त्याच दिवशी फोन लावून हलवायची तयारी करायची. कानबाईचा सण झाल्यावर बघू, कापूस घरात आल्यावर बघू, हे चालत नाही. पेशंट ऑक्सिजनवाल्या अँब्युलन्समधे, ज्या स्थितीत त्याला बरं वाटतं त्या स्थितीत न्या, जबरदस्तीने आडवं पाडू नका. सरकारी अँब्युलन्सला १०८.

आणि सलाईन. अशक्तपणा आहे, एक बाटली लावा, हा आपल्याकडचा नेहमीचा आग्रह. गाठीने झडप अडलेली असताना बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर पाणी पुढं सरकत नाही, फुफ्फुसात साचतं आणि पेशंट रात्रीत गुदमरतो. उलट लघवीचं इंजेक्शन जास्त झालं तर बीपी कोसळतं. म्हणून ह्या पेशंटला सलाईन डॉक्टरने मोजूनच द्यायचं, आणि घरच्यांनी ते मागायचं नाही.

ह्या काळात तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं बोबडं, एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर घड्याळात वेळ बघा आणि मेंदूच्या तज्ज्ञाकडे पळा, आणि गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे सांगा की याला ताप आहे आणि हृदयात गाठ आहे. नेहमीच्या लकव्यात साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात, पण जंतू असलेल्या तुकड्याने झालेल्या लकव्यात त्याच इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका फार, म्हणून ते टाळतात, आणि मोठी नळी बंद असेल तर तारेने गुठळी ओढून काढायचा विचार करतात. हे एक वाक्य तुम्ही सांगितलं नाही तर घाईत कोणी विचारेलच याची खात्री नाही.

औषधाचं थोडक्यात, कारण हे ठरवायचं काम मोठ्या डॉक्टरांचं. कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत दोन-तीन प्रकारच्या जंतूंना झाकणारी औषधं शिरेतून देतात, रिपोर्ट आला की नेमकं एक किंवा दोन. व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकॉकस असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन, साधारण चार आठवडे. स्टॅफिलोकॉकस असेल तर सेफाझोलिनसारखं, आणि एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस) निघाला तर व्हॅन्कोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन, साधारण सहा आठवडे. बुरशी निघाली तर अँफोटेरिसिन. व्हॅन्कोमायसिन किंवा जेंटामायसिन चालू असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वेळोवेळी बघितलंच पाहिजे, आणि कानात आवाज यायला लागला किंवा कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी सांगायचं.

फक्त औषधाने होईल का ऑपरेशनशिवाय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि उत्तर नाही असंच आहे. औषध गाठीच्या आतपर्यंत नीट पोचत नाही, आणि जंतू मेले तरी गाठ तिथंच लटकत राहते. १९५४ साली स्टॉकहोममधे क्रॅफोर्ड या सर्जननी हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनवेळी हृदय आणि फुफ्फुसाचं काम करणारं मशीन) पहिल्यांदा मिक्सोमा यशस्वीपणे काढला, त्याआधी ही गाठ बहुतेक वेळा माणूस गेल्यावर पोस्टमॉर्टेममधेच सापडायची. आज हे ऑपरेशन रुळलेलं आहे. किती दिवस औषध देऊन मग ऑपरेशन असा ठराविक आकडा नाही, गाठ हलती, तुटती, तुकडे सुटतायत असं दिसलं तर काही दिवसांच्या आत करतात. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर मात्र बहुतेक चारेक आठवडे थांबावं लागतं कारण हार्ट-लंग मशीनसाठी रक्त पातळ करणारं हेपॅरिन द्यावं लागतं. म्हणूनच ऑपरेशनआधी मेंदूचा सीटी किंवा एमआरआय करतात, त्याला नाही म्हणू नका. वय चाळीसच्या पुढं असेल तर हृदयाच्या नळ्यांची पण तपासणी होते. आणि दात, किडलेली दाढ बघून ठेवा, पण दातासाठी ऑपरेशन लांबवायचं नाही.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी घ्यायची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. रक्त लागणार, तर सोबत नुसती गर्दी नेण्यापेक्षा रक्त देऊ शकतील असे दोन-चार धडधाकट भाऊबंद न्या.

ऑपरेशन आणि गाठीचे दोन भाग

छातीचं मधलं हाड उघडून, मशीनवर घेऊन, हृदय थांबवून गाठ काढतात. हृदय थांबेपर्यंत सर्जन त्याला शक्य तितका कमी हात लावतात, गाठ तुटू नये म्हणून. देठासोबत पडद्याचा थोडा भाग पण कापतात, नाहीतर परत उगवायची भीती, आणि ते भोक हृदयाच्याच आवरणाच्या तुकड्याने शिवतात. झडप जंतूंनी खाल्ली असेल तर दुरुस्ती किंवा नवी झडप.

आता जे सांगतोय ते कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते घरच्यांनी करण्यासारखी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. गाठ बाहेर आली की बऱ्याच ठिकाणी ती एका बरणीत फॉर्मॅलिनमधे टाकून नातेवाईकाच्या हातात देतात, जा लॅबला देऊन या. फॉर्मॅलिनमधे गेलेल्या गाठीतले जंतू मरतात, त्यातून कल्चर कधीच होणार नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सर्जनना नम्रपणे विचारा, सर, गाठीचे दोन भाग करणार ना, एक फॉर्मॅलिनमधे बायॉप्सीला आणि एक निर्जंतुक डबीत साध्या सलाईनमधे कल्चरला. दोन डब्या, दोन चिठ्ठ्या, दोन्हीवर पेशंटचं नाव, आणि चिठ्ठीवर "जंतुसंसर्ग झालेल्या मिक्सोमाचा संशय" असं लिहिलेलं, म्हणजे बायॉप्सीवाले जंतूंसाठीचे वेगळे रंग पण लावतील. सलाईनवाली डबी उशीर न करता मायक्रोबायॉलॉजीला. आधीच्या अँटिबायोटिकमुळे कल्चरमधे काही उगवलं नाही तर त्याच तुकड्यातून पीसीआरने (जंतूच्या डीएनएवरून ओळखायची तपासणी) जंतूचं नाव काढता येतं, पण तुकडा शिल्लक असला तर.

या रिपोर्टवरून पुढचे आठवडे मोजतात. गाठीच्या तुकड्यातून जंतू उगवला तर औषधाचे दिवस ऑपरेशनच्या दिवसापासून नव्याने मोजतात. नाही उगवला तर ज्या दिवशी ब्लड कल्चर निगेटिव्ह आलं तिथून. डिस्चार्ज कागदावर "अँटिबायोटिक अमुक तारखेपर्यंत" असं तारीख घालून लिहून घ्या.

घरी आल्यावर

गाठ निघाली, ताप नाही, जेवण जातंय, आता सुया कशाला, असं म्हणून तिसऱ्या आठवड्यात इंजेक्शन बंद करणारे असतात. नका करू. रोजचं इंजेक्शन तालुक्याच्या दवाखान्यात घेता येतं, त्यासाठी शहरात खोली करून राहायची गरज नसते, पण मोठ्या डॉक्टरांचं पत्र आणि फोन नंबर तिथल्या डॉक्टरांना आधी द्या. हाताला लावलेली सुई लाल झाली, दुखली, घट्ट दोरी लागल्यासारखी शीर झाली की त्याच दिवशी काढून घ्या.

छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात. पाण्याची कळशी, खताची गोणी, केळीचा घड, पोरगं कडेवर, काही नाही. उठताना हाताने जोर न देता उठायचं. मोटारसायकलवर मागे बसून खड्ड्यांच्या रस्त्याने तर नकोच. जेवायला घरचंच, कळण्याची भाकरी, वरण, भाजी, फक्त मीठ कमी सांगितलं असेल तर शेवभाजी आणि लोणचं काही दिवस बाजूला. टाक्यातून पाणी, हाड हलल्यासारखा टक टक आवाज, किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, यातलं काही झालं तर गावात इंजेक्शन न घेता फाईल घेऊन ऑपरेशन झालं तिथं फोन करा, तिथं परत आधी कल्चर आणि मग औषध. पुढं दात काढायचे असतील तर डेंटिस्टला हे ऑपरेशन झालंय सांगा, त्याआधी गोळी घ्यायची का ते हृदयाचे डॉक्टर सांगतील.

इको डिस्चार्जच्या आधी एकदा, मग काही महिन्यांनी, आणि नंतर दरवर्षी, काही वर्षं तरी. एकच गाठ, घरात कोणाला नाही, अशा पेशंटमधे परत व्हायचं प्रमाण शंभरात दोन-चार एवढंच. पण पेशंट तरुण असेल, एकापेक्षा जास्त गाठी असतील, नेहमीची जागा सोडून दुसरीकडं असेल, किंवा ओठांवर, पापण्यांवर, चेहऱ्यावर बारीक काळे-तपकिरी ठिपके विखुरलेले असतील, तर कार्नी कॉम्प्लेक्स नावाचा घराण्यात चालणारा आजार असू शकतो, त्यात गाठ परत यायचं प्रमाण बरंच जास्त. तो आईबापाकडून अर्ध्या मुलांत उतरू शकतो. अशा घरात आई, वडील, सख्खी भावंडं आणि मुलं सगळ्यांचा इको एकदा करून घ्या, कोणाला काही त्रास नसला तरी, आणि सासरी गेलेल्या बहिणीला विसरू नका, तिलाही फोन करून सांगा.